खुर्ची रिकामी, विद्यापीठ सुरू : केंब्रिजच्या कुलपतिपदाची 2011 ची निवडणूक

1 जुलै 2011 रोजी केंब्रिज विद्यापीठाला कुलपती नव्हते. आदल्याच दिवशी प्रिन्स फिलिप पायउतार झाले होते. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनी नव्वदी गाठली होती, आणि 1976 साली निवड झाल्यापासून पस्तीसेक वर्षं ते या पदावर होते. नवा कुलपती ठरायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. या साडेतीन महिन्यांत विद्यापीठाचं काय अडलं? काहीच नाही. प्रयोगशाळा चालू राहिल्या, प्रवेश झाले, ऑक्टोबरात नवं सत्र नेहमीसारखं सुरू झालं. कुलपतींच्या सहीसाठी फायलींची चळत लागली नाही, कारण तिकडे कुलपतींच्या सहीला जाणाऱ्या फायलीच जवळपास नसतात.

असं असूनही 14 आणि 15 ऑक्टोबरला 5558 माणसं या रिकाम्या खुर्चीसाठी मत द्यायला आली. टपालानं मत देण्याची सोय नव्हती, ऑनलाइन तर नव्हतीच. स्वतः केंब्रिजला यायचं, अंगावर विद्यापीठाचा झगा चढवायचा, सेनेट हाउसमध्ये जायचं आणि मतपत्रिका भरायची. ज्या पदाला पगार नाही आणि अधिकार नावापुरते, त्यासाठी एवढा खटाटोप माणसं का करतात, हे पाहायला या निवडणुकीइतकं चांगलं प्रकरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

आधी शब्दांचं बघू

मराठीत कुलपती म्हणजे चान्सलर आणि कुलगुरू म्हणजे व्हाइस चान्सलर. हिंदी पट्ट्यात वर्षानुवर्षं व्हाइस चान्सलरला ‘कुलपति’ आणि चान्सलरला ‘कुलाधिपति’ म्हणत आले. त्यामुळे ‘कुलपति को हटाया गया’ असं हिंदी मथळ्यात वाचून राज्यपालांची उचलबांगडी झाली असं समजणारा मराठी वाचक मी पाहिलेला आहे. (तो मीच होतो.) अलीकडे मध्य प्रदेश आणि राजस्थान यांनीही व्हाइस चान्सलरसाठी ‘कुलगुरू’ हा शब्द घेतला, तेव्हा हा घोळ निम्मा तरी मिटला म्हणायचा.

शब्द बाजूला ठेवले तरी कल्पनेचा फरक उरतोच. आपल्याकडे राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठाचे कुलपती सहसा निवडले जात नाहीत की नेमलेही जात नाहीत. ते आपोआप होतात. राज्यपाल झाले की राज्याच्या जवळपास सगळ्या सार्वजनिक विद्यापीठांचं कुलपतिपद त्यांच्याकडे येतं. महाराष्ट्राचे राज्यपाल एका वेळी वीसच्या वर विद्यापीठांचे कुलपती असतात. ही प्रथा 1857 पासूनची आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन पहिले कुलपती झाले. साहेब गेला, गव्हर्नरच्या जागी राज्यपाल आले, व्यवस्था होती तशीच राहिली. गंमत अशी की साहेबाच्या स्वतःच्या देशातल्या जुन्या विद्यापीठांत मात्र कुलपती सरकार ठरवत नाही. तो विद्यापीठाचे पदवीधर निवडतात.

पद आहे, सत्ता कुठे आहे?

केंब्रिजचं कुलपतिपद तेराव्या शतकापासूनचं आहे. सुरुवातीला कुलपती हा तिथलाच माणूस असे. अध्यापकांनी आपल्यातून निवडलेला, तंटे सोडवणारा, शिस्त लावणारा आणि ठरावीक मुदतीपुरताच नेमलेला. 1514 मध्ये बिशप जॉन फिशर यांना तहहयात कुलपती करण्यात आलं आणि तिथून पदाचा स्वभाव बदलला. कुलपती आता लंडनच्या दरबारातला बडा आसामी झाला. तो केंब्रिजला राहीना, पण दरबारात विद्यापीठाची बाजू सांभाळू लागला. रोजचं काम त्याच्या उपाकडे, म्हणजे व्हाइस चान्सलरकडे गेलं.

दरबारी माणूस कुलपती असण्यात एक धोका होता. 1535 मध्ये आठव्या हेन्रीनं फिशरचं डोकं उडवलं. त्याच्या जागी विद्यापीठानं थॉमस क्रॉमवेलला निवडलं. 1540 मध्ये त्याचंही डोकं गेलं. सॉमरसेटचा ड्यूक 1552 मध्ये, नॉर्थम्बरलंडचा ड्यूक 1553 मध्ये आणि एसेक्सचा अर्ल 1601 मध्ये त्याच वाटेनं गेले. हे पाचही केंब्रिजचे कुलपती. सत्तरेक वर्षांत पाच कुलपती वधस्तंभावर चढलेलं दुसरं विद्यापीठ शोधून सापडायचं नाही. पदाला सत्तेची ऊब हवी म्हणून सत्ताधारी निवडायचा आणि सत्तेची आच लागली की नवा शोधायचा, असा तो व्यवहार होता.

सत्ता हळूहळू पूर्ण ओसरली. आज विद्यापीठ चालवतात ते कुलगुरू, कौन्सिल आणि अध्यापक-अधिकाऱ्यांचं ‘रीजंट हाउस’. कुलपतीकडे जूनमधला मानद पदव्यांचा समारंभ उरला आहे. शिवाय ‘कमिसरी’ नावाचा एक कायदेतज्ज्ञ नेमायचा असतो, जो अंतर्गत तक्रारींच्या काही अपिलांचा विचार करतो. बाकी काम म्हणजे कुठे इमारतीचं उद्घाटन, कुठे देणगीदारांसोबत जेवण, कुठे कुलगुरूंना चार शब्द खासगीत सांगणं. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या पदव्यासुद्धा बहुतेक वेळा कुलगुरू किंवा त्यांचे प्रतिनिधीच देतात. मानद पदवी मात्र कुलपतींच्या हातची. डॉ. मनमोहन सिंग पंतप्रधान असताना ऑक्टोबर 2006 मध्ये केंब्रिजनं त्यांना मानद डॉक्टरेट दिली, ती प्रिन्स फिलिप यांच्या हस्ते. सिंग तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजचे. रँग्लर परांजपेही त्याच कॉलेजचे. 1899 साली ते गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर, झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द पुण्यात त्यांच्या नावाला जन्मभरासाठी चिकटला.

कुलपतीला मत देतं कोण, तर ‘सेनेट’. आपल्या विद्यापीठांतल्या अधिसभेशी याची गल्लत करू नये. केंब्रिजचं सेनेट म्हणजे तिथली एम.ए. किंवा त्यावरची पदवी असलेली जगभरातली सगळी माणसं. आणि तिथली एम.ए. परीक्षा देऊन मिळत नाही. बी.ए. झालेल्या माणसानं पहिलं सत्र संपल्यापासून सहा वर्षं काढली की अर्ज करून एम.ए. घेता येते. आपल्याकडे दोन वर्षं घासून एम.ए. करणाऱ्यांनी हे वाचून दीर्घ श्वास घ्यावा. हे सेनेट एकेकाळी विद्यापीठाचे मोठे निर्णय घेई. 1926 पासून तो कारभार रीजंट हाउसकडे गेला. सेनेटकडे उरलं काय, तर कुलपती आणि ‘हाय स्टुअर्ड’ या दोन मानाच्या पदांची निवड. म्हणजे सत्ता गेलेली सभा सत्ता नसलेला पदाधिकारी निवडते.

बिनविरोधाची सवय

एवढ्या सगळ्यांना मताधिकार असूनही प्रत्यक्ष मतदान जवळपास होतच नसे. विद्यापीठ एक नाव पुढे करी, कोणी विरोधात उभं राहत नसे, आणि निवड जाहीर होई. अटीतटीची लढत 2011 च्या आधी झाली होती ती 1847 मध्ये, म्हणजे 164 वर्षांपूर्वी.

त्या लढतीत एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट होता आणि दुसऱ्या बाजूला पोविसचा अर्ल. अल्बर्टमागे ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख विल्यम ह्यूएल, पोविसमागे सेंट जॉन्स. राणीच्या नवऱ्याला विरोध करायला माणसं धजावली आणि अल्बर्ट जेमतेम शे-सव्वाशे मतांच्या फरकानं निवडून आला. शोभेचं पद म्हणून त्यानं ते मिरवलं असतं तर कोणी बोललं नसतं. पण गणित आणि अभिजात भाषा यांच्याच चौकटीत अडकलेल्या विद्यापीठात त्यानं निसर्गविज्ञानं आणि नीतिशास्त्रादी विषयांच्या नव्या परीक्षा आणण्यामागे जोर लावला, आणि 1848 मध्ये त्या मंजूर झाल्या. यासाठी त्याला कोणताही कायदेशीर अधिकार वापरावा लागला नाही. पत्रं लिहिली, माणसांना भेटला, योग्य जागी योग्य शब्द टाकला.

लढतीची दुसरी शक्यता 1950 मध्ये आली होती आणि ती आपल्या जवळची आहे. तेव्हाचे कुलपती होते दक्षिण आफ्रिकेचे यान स्मट्स. हे तेच स्मट्स, ज्यांनी गांधीजींना तुरुंगात टाकलं आणि ज्यांच्यासाठी गांधीजींनी तुरुंगात चपला बनवल्या. सप्टेंबर 1950 मध्ये स्मट्स वारले. विद्यापीठाची पसंती होती हवाई दलाचे मार्शल लॉर्ड टेडर यांना. पण काही सेनेट सदस्यांनी ट्रिनिटीच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव भरलं : जवाहरलाल नेहरू. तीन वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाचा पंतप्रधान, ब्रिटिशांच्या तुरुंगात नऊ वर्षं काढलेला माणूस, आणि स्मट्सच्या खुर्चीसाठी उमेदवार! नेहरूंनी नाव मागे घेतलं. टेडर बिनविरोध आले. नेहरू पुढे कुलपती झाले ते विश्वभारतीचे, तिथे या पदाला ‘आचार्य’ म्हणतात आणि प्रथेनं ते बहुतेक वेळा पंतप्रधानाकडे येतं. केंब्रिजच्या मतपत्रिकेवर नेहरूंचं नाव खरोखर छापलं गेलं असतं तर सेनेटनं काय केलं असतं, हा प्रश्न मला अजून खुणावतो. पण 1950 चं सेनेट फार उदार असेल अशी माझी समजूत नाही. याच विद्यापीठानं बायकांना पुरती पदवी द्यायला 1948 साल उजाडू दिलं होतं.

किराणा दुकानदार विरुद्ध किराण्याचा वारस

2011 च्या मे महिन्यात विद्यापीठाच्या नामनिर्देशन मंडळानं लॉर्ड डेव्हिड सेन्सबरी यांचं नाव सुचवलं. नाव सर्व बाजूंनी साजेसं होतं. किंग्ज कॉलेजचे पदवीधर. ‘सेन्सबरीज’ या सुपरमार्केट घराण्यातले, कंपनीचे माजी अध्यक्ष. 1998 ते 2006 टोनी ब्लेअर यांच्या सरकारात विज्ञानमंत्री. आणि सढळ दाते : त्यांच्या गॅट्सबी फाउंडेशननं दिलेल्या 8 कोटी 20 लाख पौंडांतून केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात ‘सेन्सबरी लॅबोरेटरी’ उभी राहिली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राणीनं तिचं उद्घाटन केलं. नेहमीच्या रिवाजानं गोष्ट इथेच संपायची.

ती संपली नाही, कारण शहरातल्या मिल रोडवर अब्दुल अरेन यांचं किराणा दुकान होतं. मिल रोड हा केंब्रिजमधला वेगळा भाग. कॉलेजांच्या हिरवळींपासून दूर, छोटी छोटी दुकानं, देशोदेशीचे मसाले, तांदूळ, भाज्या. तिथे सेन्सबरीजची शाखा येऊ घातली होती. मोठी साखळी आली की कोपऱ्यावरचं दुकान बसतं, हे आपल्या कोणत्याही वाण्याला सांगावं लागणार नाही. डेव्हिड सेन्सबरी यांचा कंपनीच्या रोजच्या कारभाराशी तेव्हा संबंध राहिला नव्हता; पण आडनाव तेच होतं, आणि लढाईला चेहरा लागतो. नियम असा की सेनेटच्या 50 सदस्यांनी सह्या केल्या की कोणालाही उभं राहता येतं. उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असंही नाही. अरेन यांनी सह्या मिळवल्या.

एकदा दार किलकिलं झाल्यावर आणखी दोघे आत आले. नट ब्रायन ब्लेस्ड यांच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनीच फेसबुकवर मोहीम उघडली. गडगडाटी आवाज, भरघोस दाढी, एव्हरेस्टवर चढाईचे प्रयत्न केलेला माणूस. केंब्रिजमध्ये ते कधी शिकले नव्हते, आणि त्यांच्या चाहत्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. या पदाचं काम समारंभ दणक्यात पार पाडणं हेच असेल तर त्यासाठी नटापेक्षा लायक कोण, असा त्यांचा सरळ हिशेब. थट्टेनं सुरू झालेला हा युक्तिवाद मला चौघांत सर्वांत प्रामाणिक वाटतो.

चौथे उमेदवार बॅरिस्टर मायकेल मॅन्सफील्ड. ‘बर्मिंगहॅम सिक्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, न केलेल्या बॉम्बस्फोटांसाठी सोळा वर्षं तुरुंगात राहिलेल्या सहा जणांचे वकील. वंशद्वेषातून खून झालेल्या स्टीफन लॉरेन्सच्या कुटुंबाचे वकील. त्यांच्या उमेदवारीमागे वेगळा राग होता. डिसेंबर 2010 मध्ये ब्रिटिश संसदेनं इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या शुल्काची कमाल मर्यादा वर्षाला 9000 पौंडांवर नेली होती, जवळजवळ तिप्पट. लंडनच्या रस्त्यांवर विद्यार्थी आणि पोलीस भिडले होते. केंब्रिजनं वरची मर्यादाच आकारायचं ठरवलं. मॅन्सफील्ड यांच्या पाठीराख्यांना असा कुलपती हवा होता, जो सरकारच्या धोरणाविरुद्ध उघड बोलेल.

चार नावं, आणि चौघांच्या मागे ‘हे पद कशासाठी’ याची चार वेगवेगळी उत्तरं. सेन्सबरी म्हणजे विद्यापीठाला आधार देणारा, सरकारदरबारी आणि पैशांच्या जगात वजन असलेला हितचिंतक. फिशर-क्रॉमवेलच्या काळापासून चालत आलेली, आता मानेला धोका नसलेली भूमिका. मॅन्सफील्ड म्हणजे विद्यापीठाचा सदसद्विवेक. ब्लेस्ड म्हणजे सोहळा. आणि अरेन म्हणजे विद्यापीठाच्या भिंतीबाहेरचं शहर. विद्यापीठाच्या कायद्यात यांपैकी एकाही उत्तराला आधार नव्हता आणि एकालाही मज्जाव नव्हता.

दोन दिवसांचं मतदान

सेनेट हाउस ही जेम्स गिब्सनं बांधलेली, 1730 मध्ये पुरी झालेली देखणी इमारत. पदव्या इथे दिल्या जातात. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल इथेच वाचून दाखवत असत, आणि 1899 मध्ये कोकणातल्या मुर्डीहून आलेल्या तरुणाचं नाव यादीच्या शिखरावर याच छताखाली वाचलं गेलं. सह-मान होता, एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर. पण पुण्याला त्याची तमा नव्हती.

2011 मध्ये दोन दिवस, शुक्रवार आणि शनिवार, इथे मतदान झालं. झगा सक्तीचा. मत पसंतीक्रमानं द्यायचं, आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात देतात तसं. विद्यापीठात त्या घडीला शिकत असलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना मत नव्हतं. ज्यांच्या शुल्कावरून मॅन्सफील्ड उभे होते, तेच यादीत नव्हते.

16 ऑक्टोबरला निकाल लागला. सेन्सबरी 2893, ब्लेस्ड 1389, मॅन्सफील्ड 964, अरेन 312.

आकड्यांकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. एक जागा आणि पसंतीक्रमाची पद्धत, म्हणजे जिंकायला निम्म्याहून एक जास्त, 2780 मतं. सेन्सबरी यांना पहिल्या पसंतीचीच त्याहून 113 जास्त मिळाली, म्हणून दुसऱ्या पसंतीची मोजणी करावीच लागली नाही. 52 टक्के. अधिकृत उमेदवार, विद्यापीठाचा दाता, माजी मंत्री, आणि झगा घालून दोन दिवसांत पोहोचू शकणारा जवळपासचा मतदार, इतकं सगळं बाजूनं असताना 52 टक्के. उरलेल्या 48 टक्क्यांनी त्यांना दुसरा कोणीही चालेल असं म्हटलं. त्यातही निम्म्याहून जास्त मतं नटाला गेली. शुल्कवाढीच्या रागाला त्यापेक्षा कमी. यातून केंब्रिजचे पदवीधर उथळ आहेत असं म्हणणारे तेव्हा भेटले. मला तसं वाटत नाही. पद समारंभाचं आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं, आणि समारंभ मनापासून आवडणारा माणूस त्यांना हवा होता.

अरेन यांना 312 मतं, साडेपाच टक्के. उमेदवारीला 50 सह्या लागत होत्या. त्याच्या सहापट माणसांनी केंब्रिजच्या पदव्या अंगावर घेऊन एका किराणा दुकानदाराला आपला कुलपती म्हणून पहिली पसंती दिली. ही संख्या छोटी आहे. पण 1847 मध्ये राणीच्या नवऱ्यापुढे उभं राहायला अर्ल लागला होता.

सेन्सबरी मार्च 2012 मध्ये रीतसर स्थानापन्न झाले. निवडणुकीची कटुता मागे राहिली असं दिसत नाही. पुढची बारा-तेरा वर्षं त्यांनी शांतपणे काढली. मानद पदव्या दिल्या, उद्घाटनं केली, विज्ञानाच्या बाजूनं बोलत राहिले. त्यांच्या हातून काय घडलं याची यादी करायला बसलं तर हाताला फारसं लागत नाही, आणि या पदावरच्या माणसाबद्दल हे वाक्य मी कौतुकानं लिहितो आहे.

इकडची खुर्ची

हे सगळं वाचताना मुंबईचं 2017 साल आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. 17 लाखांहून जास्त उत्तरपत्रिका, 477 परीक्षांचे निकाल, आणि तयारी अपुरी. जून उलटला, निकाल नाहीत. परदेशी प्रवेश अडले, नोकऱ्या अडल्या. 4 जुलैला कुलपतींनी, म्हणजे राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी, 31 जुलैपर्यंत सगळे निकाल लावा असा आदेश दिला. मुदत हुकली. ऑगस्टमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख सक्तीच्या रजेवर गेले, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे मुंबईचा जादा भार आला, आणि 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलपतींनी 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली देशमुख यांना पदावरून दूर केलं. विद्यापीठाच्या 160 वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

केंब्रिजच्या कुलपतीला हे स्वप्नातही करता येणार नाही. आपल्या कुलपतीच्या अंगावर दीक्षान्त समारंभाचा झगा असतो आणि हातात कुलगुरू नेमायची व काढायची लेखणीही असते. 2017 मध्ये ही लेखणी चालली ते बऱ्याच विद्यार्थ्यांना बरंच वाटलं, आणि ते मी समजू शकतो. लाखभर पोरांचं वर्ष टांगणीला लागलेलं असताना कोणीतरी जाब विचारणारा हवा होता. पण लेखणी असलेल्या हाताभोवती राजकारण फिरणारच. डिसेंबर 2021 मध्ये महाविकास आघाडी सरकारनं कायदादुरुस्ती विधिमंडळात मंजूर करून घेतली : निवड समितीनं सुचवलेल्या पाच नावांतून राज्य सरकार दोन निवडणार, त्यांतलंच एक कुलपतींनी नेमायचं, शिवाय उच्चशिक्षणमंत्री प्र-कुलपती. म्हणजे लेखणी राजभवनातून मंत्रालयात न्यायची. ती दुरुस्ती अमलात आलीच नाही. 2022 मध्ये सरकार बदललं आणि नव्या मंत्रिमंडळानं ती मागे घ्यायचं ठरवलं. केरळातही हाच वाद पेटला. तिथे 2022 मध्ये राज्यपालांना कलामंडलम या कलाविद्यापीठाच्या कुलपतिपदावरून हटवून नर्तकी मल्लिका साराभाई यांना नेमण्यात आलं. विद्यापीठाच्या कामाशी थेट नातं असलेली व्यक्ती कुलपती, एवढ्यापुरतं ते केंब्रिजच्या ब्लेस्डप्रेमींना आवडलं असतं. पण तिलाही निवडलं सरकारनंच.

या वादांत दोन्ही बाजू ‘विद्यापीठाची स्वायत्तता’ हेच शब्द वापरतात. लेखणी राजभवनात असावी की मंत्रालयात, यावर हिरिरीनं भांडण होतं. झगा वेगळा आणि लेखणी वेगळी करावी, लेखणी विद्यापीठाच्या आतल्या लोकांकडे आणि झगा पदवीधरांना मनापासून आदर वाटतो अशा माणसाकडे द्यावा, हे कोणी फारसं म्हणत नाही. पदवीधरांची आपल्याकडे वानवा नाही, मतदार म्हणून त्यांची नोंदणीही होते. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्या दहाही जागा युवासेनेनं जिंकल्या, म्हणजे निवडणूक किती चुरशीनं लढवली जाते ते दिसलंच. उद्या कुलपतिपदाची निवडणूक ठेवली तर तिथेही पक्षांची पॅनेल उभी राहतील, ही भीती खोटी नाही. पण ती भीती लेखणीची आहे. नुसत्या झग्यासाठी पॅनेल उभं करायचा खर्च कोण करील?

नंतर

सेन्सबरी निवृत्त झाल्यावर जुलै 2025 मध्ये केंब्रिजला पुन्हा निवडणूक झाली. या वेळी दहा उमेदवार होते. बिनविरोधाची सवय बहुतेक कायमची मोडली. मुदत तहहयात न ठेवता दहा वर्षांची केली, आणि ऑनलाइन मतदानाची सोय पहिल्यांदाच दिली. वीस हजारांवर मतं पडली. माजी सांस्कृतिक मंत्री आणि पेम्ब्रोक कॉलेजचे माजी प्रमुख लॉर्ड क्रिस स्मिथ निवडून आले. ऑक्सफर्डनं आदल्याच वर्षी हीच वाट धरली होती. तिथे 38 उमेदवारांतून नोव्हेंबर 2024 मध्ये विल्यम हेग आले. झग्याची अट या ऑनलाइन मतदाराला अर्थातच लागू नव्हती. घरच्या कपड्यांत, मोबाइलवर, चहा घेता घेता मत देता येत होतं.

2011 मध्ये पुण्यात राहणाऱ्या केंब्रिजच्या पदवीधराला मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागलं असतं. 2025 मध्ये तो कोथरुडातल्या घरी बसून केंब्रिजचा कुलपती निवडू शकत होता. पुणे विद्यापीठाचीही पदवी त्याच्याकडे असेल, तर तिथले कुलपती कोण हे त्याला राष्ट्रपती भवनातून राज्यपालांच्या नेमणुकीचं पत्रक निघालं की कळतं.